झेड4 चे टायर: रनफ्लॅटच परत घ्यावेत की साधे चालतील?

घाटवळण_सातारा
बीएमडब्ल्यू झेड4, ई89 मॉडेल. रिम 18 इंची, पुढे 225/40, मागे 255/35 (मिमीत रुंदी / बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). मागच्या दोन्ही टायरना आतल्या काठाला तार दिसायला लागलीय, बाहेरून मात्र निम्मी नक्षी शिल्लक. पुढचे 4 मिमी आहेत, तारखेचा कोड 1617. वापर यवतेश्वर-कास, पसरणी घाट आणि अधूनमधून पुणे. ट्रॅकवर नेत नाही. चार नवे रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) म्हणजे खिसा रिकामा. 5 मिमीची जुनी मागची जोडी निम्म्या भावात मिळतेय. पैसे नेमके कुठे वाचवावेत?

रबरपंडित
जुनी जोडी सोडा. नव्या टायरला साधारण 8 मिमी नक्षी असते. झिजेची खूण 1.6 ला असली तरी आपल्याकडच्या पावसात 3 च्या खाली जाऊ देऊ नये. खोबणीतून पाणी निघत नाही आणि 255 रुंदीचा टायर पाण्यावर तरंगतो. म्हणजे नव्यात 5 मिमी वापरायला मिळतात, त्या जोडीत 2. निम्मे पैसे देऊन दोन-पंचमांश रबर, तेही शिळं. यात स्वस्त काय?

1617 म्हणजे 2017 चा 16 वा आठवडा. नक्षी असली तरी रबर कडक झालंय. चारही बदला.

पण त्याआधी आतला काठ का खाल्ला ते बघा. मागच्या चाकांना कंपनीनेच थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) दिलेला असतो, एवढी झीज त्याने एकट्याने होत नाही. टो (वरून बघितल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बिघडलाय, नाहीतर मागच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश गेलेत. आधी बुश, मग टायर, मग चारही चाकांचं अलाइनमेंट, आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या. नाहीतर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल.

मिस्त्री_कराड
साधे टायर बिनधास्त घाला, फक्त चारही साधे. दोन रनफ्लॅट, दोन साधे असं केलं तर वळणात पुढचं-मागचं वेगळं वागतं. साध्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) मऊ असल्याने खड्ड्याचा दणकाही कमी बसतो.

गाडीत स्टेपनी नाही हे विसरू नका. रनफ्लॅट हवा गेल्यावरही साधारण 80 च्या वेगाने 80 किमी नेतो, साधा जागेवर बसतो. छोटा कॉम्प्रेसर आणि भोकात रबरी पट्टी घालायचं पंक्चर किट डिकीत हवंच. साइडवॉल फाटली तर किटचा उपयोग नाही, सरळ टोइंग.

2020 पासून टायर आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट 4 सारख्या एकाच नावावर अडून बसू नका. दोन्ही साइज एकाच मॉडेलमध्ये, ताज्या तारखेच्या मिळतात का ते अॅडव्हान्स देण्याआधी विचारा. पुढचे मिळाले नि मागचे नाहीत, हे हमखास होतं. कोरड्या रस्त्यावरच्या पकडीपेक्षा ओल्यातल्या ब्रेकिंगला पैसे मोजा. ऊसतोडीत ट्रॅक्टरने सांडलेल्या मातीवर दव पडलं की तेच कामाला येतं.

घाटवळण_सातारा
धन्यवाद दादा. 17 इंची रिम केले तर? टायर स्वस्त पडतील का?

रबरपंडित
बहुतेक पडतील. पुढे 225/45, मागे 255/40 आर17. व्यास जवळपास तोच राहतो: पुढे 637 चा 634 मिमी, मागे 636 चा 636. पुढची साइडवॉल 90 वरून 101 मिमी होते, त्यामुळे खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगे कमी येतील. मात्र मोठ्या इंजिनवाल्या गाडीचा ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) 17 च्या रिमला घासू शकतो. एक रिम बसवून, हाताने पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय सेट घेऊ नका.

मिस्त्री_कराड
टायर बसवताना हेल्पर आर्म (टायर दाबून धरणारा दांडा) असलेलंच मशीन बघा, लीव्हरने चढवलं तर रिमचा काठ सोलवटतो. असिमेट्रिक (आत-बाहेर वेगवेगळी) नक्षी असेल तर 'आउटसाइड' छापलेली बाजू बाहेर. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन मीटर, न्यूमॅटिक गनने नाही. हवा दाराच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना, मग गाडीच्या मेनूतून प्रेशर वॉर्निंग रीसेट. नायट्रोजनला जादा पैसे देऊ नका, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. आणि पहिले 300 किमी घाटात जोर नको, नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा राहिलेला असतो.