वाड्यातली चित्रं: जपायची, रंगवायची की वाडाच उतरवायचा?

घाटावरचा
वाईत आत्याचा वाडा आहे, सात बिऱ्हाडांचा. माडीवरच्या दिवाणखान्यात (तिथेही एक बिऱ्हाड आहे) जुनी भित्तिचित्रं आहेत. गणपती, अंबारीतला सरदार, दारांवर वेलबुट्टी. हत्तीच्या सोंडेवर कुणीतरी विजेचा बोर्ड ठोकलाय. आत्येभावाने आता दुरुस्ती काढलीय आणि देवळांची कामं करणारा एक पेंटर म्हणतो, पंधरा दिवसांत ऑइल पेंटने नव्यासारखं करून देतो.

माझा साफ विरोध. ती चित्रं चुन्याच्या गिलाव्यावर आहेत. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. वर ऑइल पेंट दिला की ती आत कोंडते, क्षार रंगामागे फुलतात आणि काही पावसाळ्यांत नवं-जुनं सगळं पोपड्यांसकट खाली येतं. आत्ताच सरदाराच्या छातीपाशी बोटाने वाजवलं तर बद्द आवाज येतो, म्हणजे तिथे गिलाव्याने भिंत सोडलीय. आधी कौलं, मग भिंत, चित्रं शेवटी.

सिमेंटवाला
सात बिऱ्हाडांत संडास किती, ते बरं लिहिलं नाहीस राव. जुनी भाडी म्हणजे महिन्याच्या चहाचे पैसे, आणि भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण. मालक कुणाच्या जिवावर चुना मळणार? चित्रांचे चांगले फोटो काढा, वाडा उतरवा, फ्लॅट बांधा. भित्तिचित्रं बघायला मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहेच की, वाईच्या हाकेवर.

घाटावरचा
संडास दोन. मुद्दा कबूल. पण मेणवलीत चित्रं आहेत म्हणून इथली घालवायची, तर मग ढोल्या गणपती आहे म्हणून घाटावरची बाकीची देवळंही उतरवू.

रंगारी
पेंटरवर राग कशाला? आमची तिसरी पिढी याच कामात. मारुतीला शेंदूर चढतो तेव्हा कोणी खालचा मूळ थर शोधत बसत नाही. ज्यांनी ही चित्रं काढली तेही पोटासाठीच काढत होते. रंग उडाला असता तर मालकाने त्यांनाच परत बोलावलं असतं. ऑइल पेंट नको, हे मान्य. चुन्यावर टिकणारे रंग घेऊ. पण अर्धा उडालेला सरदार तसाच ठेवायचा? बघूनच हात शिवशिवतात.

घाटावरचा
उडालेल्या अर्ध्यात त्याचा हात तलवारीवर होता की हुक्क्याच्या नळीवर, कुणाला माहीत? जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. इटलीत उडालेल्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की नवं काम कुठलं ते कळतं. तिथे तुमचाच हात लागेल, दादा.

रंगारी
रेघा मारून ठेवल्या तर गिऱ्हाईक म्हणेल, काम टाकून पळाला.

सांगलीकर
ओलीबद्दल थोडं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत चुन्याच्या जुन्या भिंती उशिरा का होईना वाळल्या. ज्यांनी नंतर खालून सिमेंट थापलं, त्यांच्याकडे कमरेपर्यंतचा लोणा, म्हणजे ओलीने फुटणारे क्षार, डोक्यापर्यंत चढला. मातीच्या काही भिंती पडल्याही, खोटं कशाला बोलू.

माडीवरची
मुलाने हे वाचायला दिलं. मागच्या महिन्यात भिंत वाजवून गेलात ते तुम्हीच का? तो हत्ती माझ्या फ्रिजच्या वर आहे. बोर्ड सासऱ्यांनी ठोकला. तेव्हा तिथे चुन्याचे तीन हात होते, खाली हत्ती आहे हे कुणाला ठाऊक? पुढे पोपडा पडला तेव्हा सोंड दिसली.

सिमेंटवाले भाऊ, फ्लॅट मिळणार म्हणून शेजारच्या वाड्यातली माणसं बाहेर पडली, ती अजून भाड्याच्या खोल्यांत आहेत. म्हणून मी लेखी असल्याशिवाय हलणार नाही, परांची बांधायलासुद्धा नाही.

आणि कौलं शाबूत आहेत. सरदार आषाढात काळवंडतो, दिवाळीपर्यंत परत उजळतो. त्या भिंतीमागे शेजारच्यांची पन्हळ फुटलीय, सगळं पाणी भिंतीवर. चार वर्षं सांगतेय.

घाटावरचा
काकू, मीच तो. पन्हळीचं खरंच माहीत नव्हतं, मी कौलांकडेच बघत बसलो. रविवारी आत्येभावाला घेऊन येतो.

माडीवरची
या. शिडी घेऊन या, आमच्याकडे नाही. बोर्ड हलवायचा तर वायरमनचे पैसे मालकाने द्यायचे, हे आत्ताच सांगून ठेवते.