आपत्ती निधीचा परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या आमच्या वस्तीत पाणी शिरले. अशा आपत्तीत मदतीसाठी आणि ती टाळण्याच्या कामांसाठी मिळणाऱ्या निधीचा हिशेब खर्चाच्या आकड्यात दिला जातो. पण खर्च म्हणजे परिणाम नव्हे. मग तो कशावरून ठरवावा?

उत्तर १: आधी निधीचा प्रकार पाहावा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीतील 80 टक्के रक्कम प्रतिसाद निधीला (आपत्ती आल्यावरची मदत) आणि 20 टक्के सौम्यीकरण निधीला (नुकसान आधीच कमी करणारी कामे) ठरवून दिली. मदतवाटपाचा वेग थेट मोजता येतो. सौम्यीकरणाचे यश मात्र न झालेल्या नुकसानीत असते, म्हणून तेवढ्याच पावसात त्याच वस्तीत पाणी किती चढत होते आणि किती वेळाने ओसरत होते, याची कामाआधीची नोंद नसेल तर तुलनाच अशक्य होते.

उत्तर २: सहमत आहे. शिवाय पाऊसच कमी पडलेल्या वर्षाचे श्रेय संरक्षक भिंतीला देऊ नये. पूर्वसूचना घरी किती वेळ आधी पोचली, हेही मोजावे. माझ्या मते माणसांचा जीव त्यावरच सर्वाधिक अवलंबून असतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण अजून आहे. ती रंगाखाली जाण्याआधी जमिनीपासूनची उंची मोजून ठेवतो आणि शेजाऱ्यांनाही सांगतो.