काळ्या मातीत श्रमदानाचं घर: पाया किती खोल घ्यावा?

प्रश्न (औसा तालुका): गावातल्या ऊसतोड कुटुंबाला घरकुल मंजूर झालंय. मिळणाऱ्या सरकारी अनुदानात मजुरी निघत नाही, म्हणून आम्ही दहा-बारा जण दर रविवारी राबतोय. जागा काळ्या मातीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा.

उत्तर: मुरूम लागेपर्यंत खणा. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते.

उत्तर: दादा, मी किल्लारीकडचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं, आजी त्यातच गेली. जोत्याला आणि दार-खिडक्यांच्या वर सळ्या घालून काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवर सलग फिरवाच. काटकसर गिलाव्यात करा, पट्ट्यात नको.

प्रश्नकर्ता: पाच फुटांवर मुरूम लागला. पट्ट्याच्या सळ्यांसाठी वर्गणी काढतोय.