धुक्याच्या जाळ्यांवर गावाने विसंबावं का?

पन्हळ: चिलीच्या किनाऱ्यावर चुंगुंगो नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १९९२ साली एल टोफोच्या डोंगरावर उभ्या जाळ्यांनी धुक्याचे थेंब अडवून धरलेलं पाणी तिथे नळाने आलं. ४८ चौरस मीटरच्या शंभरेक जाळ्या, चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी ३ लिटर, म्हणजे रोजचं १४-१५ हजार लिटर. पंप नाही, वीज नाही, पाणी उतारानेच येतं. दहाएक वर्षांत ते बंद पडलं आणि गाव परत टँकरवर आलं. तरीही, जिथे ना झरा ना विहीर, तिथे हाच मार्ग धरावा असं मला ठामपणे वाटतं.

कोरडा_नळ: नाही पटत. सरासरी पिता येत नाही. आठ दिवस धुकं आलंच नाही तर टाकीत तेवढा साठा हवा, आणि खरा खर्च टाकी आणि नळाचाच. शिवाय पाणी आलं की वस्ती वाढते. चुंगुंगोतही वाढली, जाळ्या तेवढ्याच राहिल्या.

पन्हळ: म्हणजे दोष देखभालीचा. राशेल जाळी (शेतात सावलीसाठी लावतात तशी प्लास्टिकची विणलेली जाळी) दुहेरी लावतात. वाऱ्याने दोन थर एकमेकांवर घासतात, थेंब मिळून ओघळतात. ताण सैल झाला की जाळीला पोट सुटतं, थेंब जाळीखालच्या पन्हळीत न पडता तिच्या मागे जमिनीवर पडतात. पन्हळीमागची माती ओली दिसली की त्याच दिवशी ताण आवळावा. मोरोक्कोत बुतमेझगिदा डोंगरावर नव्या जाळ्यांना मागून आधाराची जाळी आणि रबरी ताण दिलेत, त्यामुळे पोट सुटत नाही.

घाटमाथा: हे वाचून कुणी मराठवाड्यात जाळ्या लावू नयेत. तिथे टँकर फिरतात त्या एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. सह्याद्रीत दाट धुकं पावसाळ्यात, तेव्हा पागोळ्यांचंच पाणी मुबलक. कुठेही आधी एक चौरस मीटरची चाचणी जाळी लावा: खालची कड जमिनीपासून २ मीटर वर, तोंड धुकं आणणाऱ्या वाऱ्याकडे. वर्षभर रोज पाणी मोजा, कोरडे दिवसही लिहा. टाकी सर्वांत लांब कोरड्या खंडावरून ठरते.

कोरडा_नळ: चाचणीचं मान्य. पण वादळानंतर डोंगर चढून जाळी शिवणाऱ्याला दरमहा पैसे कोण देणार? पाणीपट्टीतून त्याचा पगार निघतो का, हे चाचणीच्या वर्षातच ठरवा. नसेल निघत, तर मी टँकरच्याच बाजूने.