रायझन ५६००एक्स : हाताने दिलेले १.४० व्होल्ट सुरक्षित आहेत का?

प्रश्न :
माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर असून त्याचे सर्व सहा कोअर (गणन करणारे भाग) ४.६ गिगाहर्ट्झवर स्थिर ठेवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. १.२५ व्होल्टवर विंडोज सुरू होते, परंतु सिनेबेंच (सर्व कोअरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटांच्या आत बंद पडते, १.४० वर चाचणी पूर्ण होते, मात्र तापमान ८८ अंशांपर्यंत जाते. व्होल्टेज ऑटोवर, म्हणजे प्रोसेसरच्याच मर्जीवर, ठेवले असता नुसता ब्राउझर उघडला तरी एचडब्ल्यूइन्फोमध्ये (व्होल्टेज आणि तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) १.४५ चा आकडा दिसतो. कंपनीच एवढे व्होल्टेज देत असेल, तर मी १.४० कायमचे ठेवण्यास हरकत काय?

उत्तर १ :
हरकत आहे, आणि तिचे कारण आपल्याच निरीक्षणात दडलेले आहे. ऑटोवरील १.४५ हा आकडा एखाददुसऱ्या कोअरवर हलके काम असताना, म्हणजे विद्युतप्रवाह कमी असताना दिसतो. आता ऑटोवरच सिनेबेंच चालवून पाहा, सर्व कोअर कामाला लागताच प्रोसेसर व्होल्टेज स्वतःहून बरेच खाली आणतो. आपण १.४० कायम केले की ही माघार घेण्याची सोयच उरत नाही आणि पूर्ण प्रवाह त्याच व्होल्टेजवर, तोही चढ्या तापमानात, वाहू लागतो. चिपमधील सूक्ष्म तारांची झीज प्रवाहाची घनता आणि तापमान या दोन्हींमुळे वाढते. शिवाय वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वेग तोच ठेवून १.२५ वरून १.४० वर गेल्यास तो सुमारे सव्वापट होतो. ते ८८ अंश तेथूनच आले आहेत.

माझ्या आधीच्या प्रोसेसरवर मी हाच हट्ट केला होता. वर्षभरानंतर, पूर्वी ज्या व्होल्टेजवर तो निर्धास्त चालत असे, त्याच व्होल्टेजवर विंडोज कोसळून निळा पडदा येऊ लागला.

उत्तर २ :
वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) भरलेला आकडा आणि भाराखाली प्रत्यक्ष मिळणारा आकडा यांत गल्लत करू नये. भार पडताच व्होल्टेज थोडे खाली बसते, आणि ही घसरण बायोसमधील लोड-लाइन कॅलिब्रेशन या सेटिंगने भरून काढता येते. मात्र ती पातळी सर्वांत वर नेल्यास, भार अचानक सुटताच व्होल्टेज क्षणभर उसळी घेते आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोला सहसा पकडताही येत नाही, म्हणून मधली पातळी ठेवावी. आधी व्होल्टेजची मर्यादा ठरवावी (मी स्वतः या पिढीसाठी भाराखाली १.३० च्या पुढे जात नाही) आणि त्या मर्यादेत जो वेग टिकेल तो स्वीकारावा. आपण नेमके उलट करत आहात.

प्रश्नकर्ता :
भाराखाली ऑटोचे व्होल्टेज खरोखरच १.२६ च्या आसपास आले. ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२७५ व्होल्टवर अर्ध्या तासाची चाचणी पार पडली असून तापमान ७६ अंश राहिले.

उत्तर ३ :
अर्धा तास पुरेसा नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरमधील चुकांच्या) नोंदी उमटतात का, तेही पाहावे, कारण पडदा निळा न होताही चुका होत असतात. आणि एक थोडे अप्रिय निरीक्षण : हा प्रोसेसर एका कोअरवर मुळातच ४.६ पर्यंत जातो, त्यामुळे ४.५ वर बांधून ठेवल्यास हलक्या कामात आपण वेग गमावताच. पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून वेग वाढवू देणारी एएमडीची सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे प्रत्येक कोअरचे व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रत्येक कोअरला उणे १० पायऱ्यांपासून सुरुवात करून पाहावी.