वडिलांचा मटका आणि भावाचा ऑनलाइन सट्टा: हे व्यसन वारशाने येते का?

सायली_इचलकरंजी:
आमचे वडील यंत्रमागावर कामाला होते आणि आम्हाला कळू लागल्यापासून ते रोज मटक्याचा आकडा लावत असत. आईचे दागिने गहाण पडल्याचे आम्हाला सावकार दारात आल्यावरच समजले. वडिलांवरच्या रागापायी पत्त्यांनाही हात न लावणारा माझा धाकटा भाऊ आज मोबाइलवरील क्रिकेटच्या सट्ट्यात पगार घालवून कर्जात बुडाला आहे. ही प्रवृत्ती आनुवंशिक असते का, माझ्या मुलांनाही तिचा धोका आहे का आणि भावाचे कर्ज आम्ही फेडावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मनोमय:
सायलीताई, मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धकाळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या आणि पुढे ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, जुगाराच्या व्यसनाकडे कोण किती झुकतो यातील फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिकतेशी निगडित असतो. याचा अर्थ मुलाला व्यसन लागण्याची शक्यता निम्मी असते असा मुळीच नाही. जुगाऱ्यांची बहुतेक मुले जुगारी होत नाहीत. उतावीळपणा, जोखमीची ओढ, दारूकडे किंवा नैराश्याकडे असलेला कल यांच्या रूपाने ही प्रवणता उतरते, आणि म्हणूनच २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात जुगाराला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत स्थान मिळाले आहे. मात्र माझ्या मते तुमच्या घरातून भावाकडे आणखी एक गोष्ट गेली असावी: हरलेले पैसे लपवायचे, कर्जाविषयी कोणी बोलायचे नाही आणि ताण असह्य झाला की एका डावात सगळे भरून काढण्याची आशा धरायची. वडिलांवरचा राग या सवयीपासून वाचवत नाही. तुमच्या मुलांशी मात्र आजोबांच्या मटक्याबद्दल, त्यांच्या वयाला झेपेल इतके, स्पष्ट बोला.

करवीरवासी:
आमच्या आजोबांनी शेत विकून वडिलांची देणी गुपचूप फेडली आणि वर्षभरात नवी देणी उभी राहिली, कारण आता कोणीतरी सोडवेल हे वडिलांना कळून चुकले होते. भावाला रोख रक्कम देऊ नका. सर्व देण्यांची यादी त्याच्याकडूनच करून घ्या, पगाराचे खाते काही काळ वहिनींच्या किंवा आईच्या देखरेखीखाली ठेवा आणि उपचार सुरू झाल्यावरच कर्जाचा विचार करा.

विधिज्ञ_पुणे:
भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असल्याने बुकीला ती रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. बँकेचे किंवा कर्ज देणाऱ्या ॲपचे देणे मात्र यामुळे माफ होत नाही. तुम्ही जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर त्याचे कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे, तरी चोरून चालणारे सट्टे त्याने आपोआप थांबत नाहीत. भाऊ जगणे नकोसे झाल्याची भाषा करत असेल, तर कर्जाचा हिशेब बाजूला ठेवा, त्याला एकटे सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर लगेच संपर्क साधा.