आणखी एक बॉम्बे हाय सापडलं नाही हे आपलं नशीबच

मुलुंडकर_मिलिंद

आपल्याकडे एक लाडकं स्वप्न आहे. समुद्रात आणखी एखादं बॉम्बे हाय सापडेल, पेट्रोल स्वस्त होईल आणि देशाचे दिवस पालटतील. १९७४ला 'सागर सम्राट' जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं तेव्हापासून ते चालू आहे. माझं मत बरोबर उलटं आहे आणि ते मी जरा ताणूनच मांडतोय, तेव्हा हाणा खुशाल: गरीब देशात खनिज संपत्ती सापडली की आधी राजकारण नासतं, मग अर्थव्यवस्था.

नायजेरिया घ्या. १९५६ मध्ये ओलोइबिरीला तेल लागलं, १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, १९६७ मध्ये यादवी सुरू. फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताच्या या युद्धाला वांशिक कारणं होतीच, पण तेलविहिरी कुणाच्या हद्दीत पडणार हा प्रश्न नसता तर ते इतकं पेटलं नसतं. पुढे कित्येक वर्षं हा देश कच्चं तेल विकायचा आणि पेट्रोल बाहेरून आणायचा, कारण सरकारी रिफायनऱ्या धड चालत नव्हत्या. चालवण्यात कुणाला रस होता? आयातीचे परवाने आणि अनुदान यातच मलई होती.

शेतीचं काय झालं ते तर बघण्यासारखं आहे. उत्तरेत कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांचे अक्षरशः पिरॅमिड रचलेले असायचे, निर्यातीसाठी रेल्वेची वाट बघत. तेलाचे डॉलर आले, तिथलं चलन नायरा महाग झालं, परदेशी माल स्वस्त झाला, शेतकऱ्याचा भुईमूग जगाच्या बाजारात परवडेना. दुष्काळ आणि रोगानेही हातभार लावला म्हणा. पिरॅमिड गेले ते गेलेच.

आणि मूळ मुद्दा हा. ज्या सरकारचा खर्च विहिरीतून भागतो, त्याला तुमच्या-माझ्या टीडीएसची गरज नाही. मग ते तुमचं ऐकेल कशाला?

ताडोबाचा_शेजारी

मिलिंदभाऊ, तेल नको म्हणता, छान. मग कोळसाही नको म्हणा ना. मुलुंडला महावितरणची वीज येते. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब लाइन १९९९ पासून १५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते, ती काय आमच्या शोभेसाठी टाकली? मी चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात वाढलो. गच्चीवर वाळत घातलेली पांढरी बनियन संध्याकाळी झटकली की हाताला काळी राख लागायची. आई कपडे दुपारीच काढायची. एका बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या, मधात आम्ही.

तुम्ही नायजेरियाच्या सरकारला शिव्या घालता. पण कच्चा माल जिथून निघतो तो भाग गरीब ठेवून जिथे वापरतात तो भाग श्रीमंत करायचं धोरण आपण देशातच राबवलं की. भाडे समानीकरण! पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशभर एका भावात मिळायचं, वाहतुकीचा फरक सरकार भरून काढायचं. मग जमशेदपूरशेजारी कारखाना काढायचं कारणच उरलं नाही. तो ठाण्यात, पिंपरीत निघाला. बिहार-ओडिशाकडे खाणी राहिल्या आणि धूळ राहिली. याला शाप म्हणायचं का? हा तर सरकारी जीआर होता.

अश्विनी_पार्ले

शेजारी, +१. मिलिंद, असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

'संसाधनांचा शाप' हा शब्द रुजला तो मुख्यतः १९९५च्या सॅक्स आणि वॉर्नर या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासामुळे. खनिज-निर्यातीवर जास्त अवलंबून असलेले देश १९७० नंतरच्या दोन दशकांत हळू वाढले, असं त्यात निघालं. पण तो काळ बघा. सत्तरच्या दशकात तेलाचे, तांब्याचे भाव भडकलेले, बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागलेल्या, ऐंशीच्या दशकात भाव कोसळले आणि कर्जं अंगावर आली. त्या वीस वर्षांत मोजाल तर खाणवाले देश आजारीच दिसणार. तेलामुळे हुकूमशाही येते का, हे हेबर आणि मेनाल्डो यांनी २०११ मध्ये खूप लांबच्या काळाची आकडेवारी घेऊन तपासलं. तसा संबंध त्यांना सापडला नाही. त्यांच्यावरही टीका झाली, वाद मिटलेला नाही. पण तुम्ही तो मिटल्यासारखा लिहिताय.

दुसरं म्हणजे इराण. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसादेगनी निवडून आलेल्या संसदेच्या जोरावर तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी गुप्तचरांनी त्यांना उलथवलं. काँगो १९६०च्या ३० जूनला स्वतंत्र झाला. दोन आठवड्यांच्या आत तांब्याचा कटांगा प्रांत फुटून निघाला, बेल्जियन खाण कंपनीच्या पैशावर. पुढच्या जानेवारीत काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुम्बा यांचा खून. यात काळ्या मातीखालच्या खनिजाने कोणता शाप दिला? घेणारे घरात घुसले, आणि वर आपण म्हणायचं की यांना संपत्ती सांभाळता आली नाही.

तिरकस

आमच्या गावात तेल नाही, कोळसा नाही, हिरे नाहीत. फक्त नदीत वाळू आहे. तरी सरपंच कोण होणार हे वाळू ठरवते. रात्री अकरानंतर कुणाचा हायवा जातो आणि तलाठी कुणाचा फोन उचलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे सीआयए आली नव्हती हो अश्विनीताई.

खडा_पारखी

अपवाद म्हणून आफ्रिकेतला बोट्स्वाना कुणीतरी काढणारच होतं, मीच काढतो. बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये रोजची भाकरी आहे, म्हणून जवळून दिसतं.

बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत होता. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्या सरकारने खनिजावरचा हक्क टोळ्यांकडून काढून देशाकडे घेतला. गंमत बघा, ओरापा खामांच्या स्वतःच्या टोळीच्या प्रदेशात येतं, म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान त्यांच्याच लोकांचं. पुढे खाणकंपनीत डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबर निम्मी भागी घेतली. २०१३ मध्ये तर डी बिअर्सची कच्च्या मालाची विक्रीच लंडनहून राजधानी गॅबरोनीला नेली. आमचे शेठ लोक पूर्वी लंडनला जायचे, आता तिकडे जातात. निवडणुका वेळेवर, लष्करी उठाव नाही. मिलिंदभाऊंच्या सूत्रात हे बसत नाही.

पण अश्विनीताईंच्याही बसत नाही, कारण आता काय झालंय बघा. मी असॉर्टर, म्हणजे खडे पारखून निवडणारा. चिमट्यात खडा धरायचा, डोळ्याला भिंग, खाली पांढरा कागद. वीस वर्षं मुरलेला माणूससुद्धा लॅबमधला खडा आणि खाणीतला खडा नुसत्या नजरेने वेगळा सांगू शकत नाही, यंत्रावर घालावा लागतो. सुरतेत हे लॅबचे खडे ढिगाने निघतात. भाव पडले, खाणीच्या मालाची मागणी आटली, आणि बोट्स्वानाच्या तिजोरीला खड्डा पडला. ऑक्टोबर २०२४च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष साफ झाला. कारणं आणखीही होती, पण हे मोठं होतं. एवढा शहाणा देश, पण पन्नास वर्षांत दुसरा मोठा धंदा उभा करू शकला नाही.

मुलुंडकर_मिलिंद

पारखीसाहेब, मस्त प्रतिसाद. पण पक्ष हरला आणि गुपचूप घरी गेला, यातच माझा मुद्दा आहे. तिथे टोळीप्रमुखाला भर सभेत जाब विचारायची पद्धत, 'खोत्ला', हिऱ्यांच्या आधीपासून होती. नॉर्वेला १९६९ मध्ये तेल लागलं तेव्हा त्यांच्या राज्यघटनेला दीडशे वर्षं झालेली. आधी जाब विचारायची सवय, मग पैसा. उलट्या क्रमाने झालं की आफ्रिकेतल्या चाड देशासारखं होतं.

चाडची गोष्ट थोडक्यात. जागतिक बँकेने तेलवाहिनीला मदत देताना अट घातली: उत्पन्नाचा बराचसा भाग शिक्षण-आरोग्यावर, दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. कागदावर आदर्श कायदा. २००३ मध्ये तेल वाहू लागलं. २००६च्या जानेवारीत तिथल्या राजवटीने कायदाच बदलला, पुढच्या पिढ्यांचा निधी मोडीत काढला आणि सुरक्षेलाही 'प्राधान्य क्षेत्र' करून टाकलं. बँकेने डोळे वटारले. २००८ मध्ये चाडने कर्ज फेडून बँकेला रामराम केला. हातात तेल असलं की सावकाराचाही धाक उरत नाही, तिथे मतदाराचा कुठून?

कुवेत_रिटर्न

मी रत्नागिरीचा, सध्या मुंब्रा. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी घरं कुवेत-सौदीच्या पैशावर उभी आहेत, त्यामुळे तेलाला शिव्या घालायला जीभ रेटत नाही. ऑगस्ट १९९०ला सद्दाम घुसला तेव्हा अब्बा तिथे होते. बसने अम्मान, तिथून एअर इंडियाने सहार. एक पेटी घेऊन गेले होते, एक पिशवी घेऊन आले.

मला एकच सांगायचंय. नॉर्वे नॉर्वे करता, पण तेलाचा पैसा बाजूला टाकायचं काम कुवेतने १९५३ला सुरू केलं. नॉर्वेच्या फंडात पहिला पैसा १९९६ला पडला. आणि देश हातचा गेला तेव्हा परागंदा सरकार त्याच परदेशातल्या ठेवींवर चाललं. तिथे शेख लोकांचं राज्य, लोकांच्या कमाईवर कर नाही, आणि मे २०२४ मध्ये अमिराने संसदही बरखास्त केली. म्हणजे पैसा सांभाळायला लोकशाही लागतेच असं नाही. मात्र लोकशाही नसली की तो कुणासाठी सांभाळला हे विचारायची सोय नाही. अब्बांसारख्यांना तर नव्हतीच.

अश्विनी_पार्ले

मिलिंद, चाडचं उदाहरण जोरदार आहे, मान्य. पण 'आधी संस्था, मग पैसा' याचा व्यवहारात अर्थ काय? झांबियाने तांबं शंभर वर्षं जमिनीत ठेवून आधी वृत्तपत्रं सुधारायची? इंडोनेशियाने तुमची वाट बघितली नाही. जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद, ज्याला हवं त्याने इथे येऊन भट्टी टाकावी. युरोपने जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि २०२२ मध्ये तिथल्या समितीचा निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला, तरी ते हटले नाहीत. भट्ट्या बहुतेक चिनी भांडवलाच्या आणि वीज कोळशाची, तेव्हा फार गोडवे गाऊ नयेत. पण भाडे समानीकरणाने झारखंडचं जे केलं त्याच्या नेमकं उलट धोरण आहे हे.

मुलुंडकर_मिलिंद

झारखंडचं नाव काढलंत म्हणून. २००६ मध्ये तिथे एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाला, मधू कोडा. २०१७ मध्ये कोळसा खाणवाटपाच्या खटल्यात दोषी ठरला. यात दिल्लीचं समानीकरण किती आणि रांचीची हाव किती?

ताडोबाचा_शेजारी

हाव सगळीकडे आहे भाऊ, मंत्रालयात काय हरिश्चंद्र बसून राहिले? फरक एवढाच की आमच्याकडे खणून नेलं की परत येत नाही.

खनिज कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणींना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) तीस टक्के रक्कम त्यात भरावी लागते. ती खाणबाधित लोकांसाठी आहे, पण कामांची यादी ठरवणार कलेक्टर आणि पुढारी. ग्रामसभेला विचारतो कोण? गोव्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले, लोहखनिज संपल्यावरही पैसा राहावा म्हणून. चंद्रपूरला, गडचिरोलीच्या सूरजागडला तसं का नको, हे इथल्या अर्थतज्ज्ञांनी सांगावं.

आणि जुलै २०२४ला त्याच कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला: स्वामित्वधन म्हणजे कर नाही, राज्यं खनिजावर वेगळा कर लावू शकतात. झारखंडने लगेच उपकराचा कायदा केला. उद्या महाराष्ट्राने कोळशावर लावला, तर तो फिरून तुमच्या वीजबिलात येईल. मिलिंदभाऊ, युनिटमागे किती जास्त द्याल? आकडा सांगा, मग नायजेरियावर बोलू.

तिरकस

मुलुंडात आता शांतता. बहुतेक लाइट गेले असावेत.

मुलुंडकर_मिलिंद

लाइट आहेत. युनिटला पन्नास पैसे मी आज द्यायला तयार आहे, पण ते राज्याच्या तिजोरीत नाही, गोव्यासारख्या बंद निधीत, आणि त्याचा हिशेब दुर्गापूरच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. तिजोरीत टाकणार असाल तर एक पैसाही नाही.

ताडोबाचा_शेजारी

पन्नास पैसे? बनियन धुवायचा साबण तरी येईल का त्यात? रुपयापासून सुरू करा.